कात्रीबाईंचा अभ्यासक्रम

प्रकाशनाच्या धंद्यात त्यांना सगळे कात्रीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नसे. एका लेखकाने चिडून ठेवलेलं नाव ते. त्याच्या कादंबरीचं पहिलं अख्खं प्रकरण बाईंनी उडवलं होतं. पुढे त्याच कादंबरीला लोकांनी डोक्यावर घेतलं, तेव्हा तो सांगत सुटला की गोष्ट एकदम मध्यातूनच सुरू करायची हे त्याचं पहिल्यापासूनच ठरलेलं होतं. बाई नुसत्या हसल्या आणि पुढचं हस्तलिखित ओढून बसल्या.

आयुष्यभर त्यांनी हेच केलं. विशीत मुद्रितं तपासायला म्हणून त्या एका प्रकाशनसंस्थेत शिरल्या आणि जिन्याखालच्या टेबलापासून खिडकीजवळच्या टेबलापर्यंत सरकता सरकता केस पांढरे झाले. लग्न राहून गेलं. त्यामागे काही मोठी कथा नव्हती. दर वेळी काही ना काही छपाईला जायचं असायचं, एवढंच. मग मालक वारले, मुलांनी धंदा मिटवला, आणि त्या जागेत फरशांचं दुकान आलं. बाई घरी बसल्या. घर म्हणजे धाकट्या भावाचं. भाऊ अबोल आणि भावजय बोलघेवडी, त्यामुळे घराचा तोल बरा राहायचा. भावजय त्यांना ताई म्हणायची, त्यांच्यासाठी जीव टाकायची आणि तेवढंच टाकून बोलायची.

घरी बसून फार दिवस झाले नव्हते तोच विद्यापीठातून फोन आला. भाषा विभागाचे प्रमुख बोलत होते. त्यांची बाईंशी जुनी ओळख. त्यांची दोन समीक्षेची पुस्तकं बाईंच्या हाताखालून गेली होती.

"बाई, रोज इतकी पुस्तकं निघतात, पण छापायच्या आधी ती नीट वाचणारं कुणी उरलेलं नाही," सर म्हणाले. "तुमचं काम कुठे शिकवलंच जात नाही. लोक ते एकमेकांचं बघून शिकले, आणि आता बघायलाही कुणी नाही. संपादन आणि प्रकाशनाचा एक रीतसर अभ्यासक्रम काढू. तुम्ही फक्त लिहून द्या. बाकीचं मी बघतो."

बाईंनी लिहून दिला. पाच-सहा पानांत सगळं मावलं. हस्तलिखित कसं वाचायचं, लेखकाशी कसं बोलायचं, मुद्रितं कशी तपासायची, कागद, बांधणी, किंमत कशी ठरते, पुस्तक दुकानात पोचतं कसं. आपलं काम झालं असं समजून त्या निश्चिंत झाल्या. त्यांना काय कल्पना, की सरांनी ज्याला 'बाकीचं' म्हटलं होतं, तेच सगळं होतं.

आधी उपसमिती. मग अभ्यास मंडळ. मग विद्याशाखा, आणि सर्वांत वर विद्या परिषद. प्रत्येक ठिकाणी लांबलचक टेबलं, पाण्याच्या बाटल्या आणि घड्याळाकडे बघणारी माणसं. कुणीही विरोध करत नसे, हीच तर पंचाईत. जो तो म्हणायचा, "फारच उपयुक्त कल्पना आहे," आणि एक तुकडा जोडायचा. व्यवस्थापनाच्या प्राध्यापकांनी विपणन घातलं. जुन्या भाषांच्या प्राध्यापकांनी पोथ्यांचा इतिहास घातला. संगणकवाल्यांनी तीन विषय घातले आणि त्यांची नावं कुणालाच उच्चारता येईनात. पाच-सहा पानांचा मसुदा फुगत फुगत टाचणीत मावेना, मग त्याला फाईल लागली. बाई घरी आणून तो कमी करायच्या. पुढच्या बैठकीतून तो पुन्हा अंग धरून परत यायचा.

एका बैठकीत कुणीतरी विचारलं, "इथे लिहिलंय, 'वाक्य खटकलं की थांबायला शिकणे.' ही अध्ययन निष्पत्ती मोजायची कशी?"

"थांबला की कळतं," बाई म्हणाल्या.

"पण थांबल्याचे गुण किती द्यायचे?"

सगळे गंभीर होते. बाईंनी ते वाक्य काढून टाकलं.

"ताई, एवढ्या वेळात माझी दोन बाळंतपणं उरकली होती," भावजय कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणायची. "आणि दोन्ही पोरं चालायलासुद्धा लागली होती."

"तुझी पोरं कुणी मंजूर करून घ्यायची नव्हती," बाई म्हणत, आणि पाय उशीवर ठेवून डोळे मिटत. भाषा विभाग तिसऱ्या मजल्यावर होता. लिफ्टवर 'दुरुस्ती चालू आहे' अशी पाटी होती, पण दुरुस्ती करताना कुणी कधी दिसलं नव्हतं. बाईंचा उजवा गुडघा दर पायरीला स्वतःचं मत देत असे.

शेवटी तडजोड निघाली. आधी प्रायोगिक तत्त्वावर वर्षभराचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवायचा. तो नीट चालला तर विद्या परिषद पूर्ण पदवीचा विचार करणार. खोली मिळाली ती भूगोल विभागाच्या नकाशांची कोठी. भिंतीला टेकून उभे गुंडाळलेले नकाशे, मधे एक लांब टेबल, आणि एक खिडकी. ती उघडली की बंद होत नसे आणि बंद केली की उघडत नसे. विद्यार्थी सगळे मिळून टेबलाच्या दोन बाजूंना मावतील एवढेच. त्यांत बँकेतून लवकर बाहेर पडलेले एक गृहस्थ होते, नुकत्याच पदवीधर झालेल्या दोन मैत्रिणी होत्या, जाहिराती लिहून कंटाळलेला एक तरुण होता. आणि एक चष्म्याच्या दुकानात काम करणारी मुलगी होती.

ही मुलगी सडपातळ, शांत, आणि तिचा प्रश्न आला की समोरचा बसल्या जागी किंचित दचकायचा. दोन आठवड्यांत बाकीच्यांनी तिचं नाव टाचणी ठेवलं. तिलाही ते आवडलं असावं. उपस्थितीच्या कागदावर एकदा तिने सहीऐवजी टाचणीचं चित्र काढलं होतं.

वर्गात बाई वेगळ्याच होत्या. जिने चढून आल्यावर थोडा वेळ गप्प बसून श्वास सावरायच्या, मग एक छापील पान सगळ्यांपुढे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "पेनं खाली ठेवा. आधी मला सांगा, लेखकाला काय म्हणायचंय. ते सांगता आलं तरच पेन उचलायचं."

बँकवाले गृहस्थ सुरुवातीला फार दुरुस्त्या करायचे. पान लालेलाल करून आणायचे. बाई ते बघून म्हणाल्या, "अहो, हे पान आहे की अपघात?" सगळे हसले, गृहस्थही हसले. पुढच्या खेपेला त्यांनी मोजक्याच खुणा केल्या, आणि त्यातली एक अशी होती की बाईंना स्वतःला सुचली नसती. बाईंनी तसं वर्गासमोर सांगितलं.

"लेखकाला चूक दाखवायची नाही," त्या सांगत. "त्याला प्रश्न विचारायचा. आणि प्रश्न असा हवा की त्याला उत्तर द्यावंसं वाटेल. त्याला विचारल्याशिवाय त्याचं वाक्य काढायचं नाही. ते तुम्हाला कितीही फालतू वाटलं तरी."

वर्ष सरत आलं तेव्हा प्रात्यक्षिकासाठी खरंखुरं हस्तलिखित हवं झालं. बाईंनी ओळखीच्या लेखकांना विचारलं. नवशिक्यांच्या हातात आपलं पुस्तक द्यायला कुणी तयार होईना. हे कळल्यावर सर स्वतः नकाशांच्या खोलीत आले. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती. पिशवीतून त्यांनी कागदांचा एक दणदणीत गठ्ठा काढून टेबलावर ठेवला, आणि त्यावर हात ठेवूनच बोलू लागले.

"माझ्या वडिलांचं चरित्र. गेली कित्येक वर्षं लिहितोय. ते मुख्याध्यापक होते. तुमच्या वर्गाला घ्या." मग मुलांकडे वळून म्हणाले, "निर्दय व्हा. मी विभागप्रमुख आहे हे विसरून जा."

निर्दय व्हा असं म्हणणारे लेखक बाईंनी उभ्या आयुष्यात पुष्कळ पाहिले होते, आणि त्यातला एकही तसा अर्थ मनात धरून म्हणाला नव्हता. पण सरांच्या चेहऱ्यावर एवढा भाबडेपणा होता की नाही म्हणवेना.

चरित्र वाईट नव्हतं. सरांची भाषा चांगली होती. वडील पहाटे उठत, शाळेत सर्वांच्या आधी पोचत, पोरांना पदरमोड करून पुस्तकं देत, कधी रजा घेत नसत, कधी थकत नसत. पानामागून पान ते न थकता चालत राहिले होते, आणि वाचणारा मात्र थकत होता. मुलांनी ढीग वाटून घेतला. महिनाभर वर्गात दुसरा विषय नव्हता. कुठली प्रकरणं एकत्र करावीत, कुठला प्रसंग दोनदा आलाय, कुठे तारखा जुळत नाहीत. शेवटी सगळ्यांनी मिळून लेखकासाठी अहवाल तयार केला. नेमका, सभ्य, वाचनीय. बाईंना मनातून अभिमान वाटला.

अहवालाच्या शेवटी लेखकासाठी प्रश्न होते. त्यातला शेवटचा टाचणीचा होता.

'या पुस्तकात चरित्रनायकाच्या पत्नीचा, म्हणजे आपल्या आईंचा, उल्लेख लग्नाच्या वाक्यात येतो आणि पुढे कुठेच येत नाही. त्या हयात आहेत का? असल्यास वडिलांविषयी त्यांना काय वाटतं, हे विचारता येईल का? घरी आल्यावर मुख्याध्यापक कसे असत, हे पुस्तक वाचून कळत नाही.'

बाईंनी तो प्रश्न वाचला आणि चष्मा काढून ठेवला. प्रश्न बरोबर होता. त्यांनी शिकवला होता तसाच होता. पण पंधरवड्यात विद्या परिषदेची बैठक होती. पूर्ण पदवीचा प्रस्ताव सर मांडणार होते. सरांशिवाय त्या प्रस्तावाला कुणी वाली नव्हता. आणि प्रश्नातला तो घराचा दरवाजा कुठे उघडेल ते सांगता येत नव्हतं.

दुपारची वेळ, वर्ग सुटलेला, कोठीत उकडत होतं. बाई फार थकल्या होत्या. त्या दिवसाचा थकवा नव्हता तो. सगळ्या बैठका, सगळे जिने आणि ती फुगत जाणारी फाईल एकदम अंगावर आल्यासारखं झालं. एवढं एक वेळ पार पडू दे, मग काय ते बघू, असं त्या मनाशी म्हणाल्या. त्यांनी संगणकावर अहवाल उघडला, शेवटचा प्रश्न पुसला, आणि प्रत छापून सरांच्या खोलीत ठेवून आल्या. विद्यार्थ्यांच्या प्रतीही तशाच छापल्या.

दुसऱ्या दिवशी सर उड्या मारतच आले. "सुंदर! मुलांनी जीव ओतलाय. तारखांची चूक तर माझ्या बापजन्मी लक्षात आली नसती," असं म्हणून स्वतःच हसले. सगळ्यांची पाठ थोपटली. टाचणी आपली प्रत चाळत होती. शेवटच्या पानावर आली, पान उलटून मागची कोरी बाजू बघितली, आणि मग बाईंकडे बघितलं. बाईंनी खिडकीकडे बघितलं.

पुढच्या वर्गाला ती आली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. दोघी मैत्रिणी म्हणाल्या, फोनला 'बरं' एवढंच उत्तर देते.

बाई दोन बस बदलून चष्म्याच्या दुकानात गेल्या. दुकान अरुंद, दोन्ही भिंतींना आरसे, त्यामुळे आत शिरताच बाईंना सगळीकडे आपणच दिसायला लागल्या, आणि दिसल्या त्या फारशा बऱ्या दिसल्या नाहीत. टाचणी एका आजोबांच्या कानामागे काडी बसवत होती. तिने बाईंना खुणेने बसायला सांगितलं. आजोबा गेल्यावर ती समोर येऊन उभी राहिली.

"वर्गाला का येत नाहीस?" बाईंनी विचारलं. विचारताना त्यांनाच लाज वाटली.

"लेखकाला विचारल्याशिवाय त्याचं वाक्य काढायचं नाही, असं तुम्हीच शिकवलंत," टाचणी म्हणाली. "माझं काढलंत ते?"

"परिषदेची बैठक आहे गं. सर दुखावले असते तर सगळंच..."

"मग तसं मला सांगायचं. मी काढलं असतं. खरं तर नसतं काढलं. पण भांडता तरी आलं असतं तुमच्याशी."

तिने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ती नुसती उभी होती, हातात चष्मे पुसायचं फडकं.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "फार दमले होते. हे काही कारण नाही, पण तसं झालं."

टाचणीने मान हलवली. मग म्हणाली, "आता आलाच आहात तर डोळे तपासून घ्या. वर्गात तुम्ही पान फार लांब धरून वाचत होतात." तिने बाईंना उंच खुर्चीवर बसवलं, एक डोळा झाकायला लावला आणि भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. खालच्या दोन ओळी बाईंना वाचता आल्या नाहीत. आयुष्यभर अक्षरांवर जगलेल्या बाई त्या धुरकट ओळींकडे बघत राहिल्या.

"नंबर वाढलाय," टाचणी म्हणाली. "सोमवारी येते मी वर्गाला."

बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळी बाई सरांच्या खोलीत गेल्या. सर प्रस्तावाची शेवटची प्रत वाचत होते. बाईंनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. बसल्यावर धीर गेला असता.

"सर, अहवालात अजून एक प्रश्न होता. मी तो काढला. विद्यार्थिनीचा होता आणि योग्य होता. मी काढायला नको होता." आणि त्यांनी तो तोंडी सांगितला, शब्दाला शब्द.

सरांनी पेन खाली ठेवलं. "आई?" ते म्हणाले. "आई घरीच असते. माझ्या अभ्यासाच्या खोलीशेजारी."

"मग त्यांच्याशी कधी बोललात का, या पुस्तकासाठी?"

"तिला शाळेतलं काय माहीत असणार, बाई?"

"घरातलं माहीत असेल."

सरांचा चेहरा हळूहळू बंद होत गेला. बाईंनी ते अनेक लेखकांच्या बाबतीत बघितलं होतं. "मी मुलांना वाक्यं सुधारायला दिली होती," ते थंडपणे म्हणाले. "माझं घर नव्हतं दिलं."

"चरित्र दिलंत, सर," बाई म्हणाल्या. "त्यात घर येतंच."

सरांनी प्रस्तावाची प्रत ओढून पुन्हा वाचायला घेतली. म्हणजे बाईंनी जावं. बाई गेल्या. जिना उतरताना कठड्याला धरून त्या मधल्याच पायरीवर थांबल्या. खालून पोरांचा घोळका वर येत होता, त्याला वाट द्यायचं निमित्त झालं. घोळका गेला तरी त्या तिथेच. आता सगळ्यावर पाणी पडलं, एवढंच मनात होतं, आणि नवल म्हणजे त्याचं फारसं दुःखही होत नव्हतं. दुःखालाही अंगात थोडी ताकद लागते.

बैठक झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी विभागातल्या लिपिकबाईंचा फोन आला. सरांनी प्रस्ताव मांडला. नुसता मांडला नाही, त्यासाठी भांडले. टेबलावर हात आपटला म्हणे, पाण्याची बाटली आडवी झाली, कुलसचिवांचे कागद भिजले. तरी जमलं नाही. वेगळी पदवी नको असं ठरलं. त्याऐवजी भाषेच्या पदवीत दोन ऐच्छिक विषय घालायचे. त्यांचं नाव 'आशय आणि माध्यम'. शिकवायला डॉक्टरेट झालेलाच माणूस हवा. प्रमाणपत्र वर्गाची ही तुकडी पुरी करायची आणि तिथेच थांबायचं. बाईंची डॉक्टरेट नव्हती. साधी पदवीसुद्धा त्यांनी छापखान्याच्या धांदलीत बाहेरून परीक्षा देऊन मिळवली होती.

भावजय शेजारीच उभी राहून ऐकत होती. "म्हणजे सुटलात ताई," ती म्हणाली.

"सुटले," बाई म्हणाल्या. त्यांना खरोखरच हायसं वाटलं होतं, आणि हायसं वाटल्याचं मन खायला लागलं. उद्या त्या मुलांना कुठल्या तोंडाने सांगायचं? त्या दोरीवरचे कपडे काढायला म्हणून गॅलरीत गेल्या आणि वाळलेल्या चादरीआड तोंड करून बराच वेळ उभ्या राहिल्या. भावजयीने एकदा डोकावून बघितलं, आणि आयुष्यात क्वचितच करायची ते केलं, म्हणजे काही न बोलता आत गेली.

वर्गाला मात्र वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही. जाहिरातवाला तरुण म्हणाला, "बाई, आम्हाला तर मिळालं ना." बँकवाल्या गृहस्थांनी मागून येणाऱ्यांसाठी म्हणून आपल्या टिपणांच्या प्रती काढून ठेवायचं ठरवलं. टाचणीला एका पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या संस्थेने अर्धवेळ कामावर बोलावलं होतं. ती सकाळी तिथे, दुपारनंतर चष्म्याच्या दुकानात. आणि सर मात्र नकाशांच्या कोठीकडे फिरकेनासे झाले. जिन्यात समोरासमोर आले तर मान लववून पुढे जात. प्रस्तावासाठी भांडलेला हा माणूस आपल्याशी दोन शब्द बोलत नाही, याचं कोडं बाईंना उलगडेना. आभार मानावे तर तेही कुठे नि कसे?

तुकडी संपल्यावर बाईंनी पुन्हा घर धरलं. असेच काही दिवस गेले आणि एका सकाळी सरांचाच फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"बाई, विचारलं आईला."

"बरं."

"काही सांगत नाही. म्हणाली, 'एवढं मोठं बाड लिहून झाल्यावर आता आईची आठवण झाली होय तुला?' मी म्हटलं, वर्गातल्या एका मुलीने विचारायला सांगितलं. तर म्हणते, 'मग तिलाच पाठव. तिला सांगेन. तुला नाही.' हसू नका. माझ्या घरात मला ही वागणूक."

बाई हसत नव्हत्या. पण त्यांना कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच हसावंसं वाटलं.

त्या पुस्तकाचं पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो. ते निघालं, पण पुष्कळ उशिरा, आणि मूळ बाडाच्या निम्म्याहून कमी झालं. सरांनी स्वतःच्या हाताने कापलं. वडील त्यात पहिल्याइतके थोर राहिले नाहीत, त्यावरून काही जुन्या विद्यार्थ्यांनी सरांशी बोलणं टाकलं. खप बेताचा. विद्यापीठातले ते दोन ऐच्छिक विषय अजून चालतात. शिकवणारा तरुण प्राध्यापक चांगला आहे असं ऐकिवात आहे. बाईंची मूळची पाच-सहा पानं त्याने कुठल्याशा फाईलमधून शोधून काढली आणि एकदा फोन करून दोन-तीन शंकाही विचारल्या.

तर त्या फोननंतर एका दुपारी बाई आणि टाचणी सरांच्या घरी गेल्या. टाचणीने त्यासाठी दुकानातून सुट्टी काढली होती. सरांनी दार उघडलं, पाणी दिलं आणि आईच्या खोलीच्या दारापर्यंत सोडलं. आतून आवाज आला, "तू बाहेरच थांब." सरांनी एक खुर्ची ओढली आणि ते निमूटपणे दाराबाहेर बसले. दार मात्र कुणी लोटलं नाही.

खोली लहान आणि स्वच्छ होती. दोन पलंग, एक कपाट, पडदा ओढलेला. आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. अंगाने अगदी हलक्या, आवाज मात्र ठणठणीत.

"तूच का ती विचारणारी?" त्यांनी टाचणीला विचारलं. "ये, जवळ ये. ऐकू कमी येतं मला. बोलायला येतं."

टाचणी पलंगाच्या कडेला बसली. तिने मांडीवर कागद घेतले. बाई खुर्चीवर बसल्या.

"पहिलं विचार," आजी म्हणाल्या.

"शाळेतून घरी आल्यावर ते काय करायचे?"

आजी म्हणाल्या, "बसायचे. दारातल्या खुर्चीत. चपलासुद्धा काढायचे नाहीत. दिवा लावू द्यायचे नाहीत. मी पोरांना घेऊन मागच्या खोलीत जायची. हा बाहेर बसलाय ना, हा सारखा विचारायचा, बाबा काय करतात? मी म्हणायची, बाबा उद्याची तयारी करतात."

दाराबाहेर खुर्ची करकरली.

"आणि ह्यांना शाळा आवडायची नाही," आजी म्हणाल्या. "रोज सकाळी पोटात दुखायचं. पण गेले. जायचं म्हणून गेले. लोक म्हणायचे, मुख्याध्यापक कसे कधी थकत नाहीत. ते घरी येईपर्यंत थकायचे नाहीत, एवढंच."

टाचणी लिहीत होती. थांबली, आणि घाई न करता तिने पुढचं विचारलं, "तुम्हाला हे त्यांनी कधी बोलून दाखवलं का?" प्रश्न अगदी हवा तसा होता. बाई मनात म्हणाल्या, आता यात माझं काही काम नाही.

आजी उत्तर द्यायच्या ऐवजी बाईंकडे बघत होत्या. "ही कोण?"

"माझ्या बाई," टाचणी म्हणाली.

"शिकवतेस होय? तरीच." आजींनी मान डोलावली. "दमलेली दिसतेस गं. तो पलंग रिकामाच आहे. पड जरा. आम्ही दोघी बोलतो तोवर."

"नको, मी बसते की," बाई म्हणाल्या.

"पड म्हटलं ना."

त्या आवाजापुढे सर बाहेर बसले होते, तिथे बाईंची काय कथा. त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या, चष्मा उशाशी ठेवला आणि पलंगावर आडव्या झाल्या. उशी जुन्या कापसाची, थोडी कडक. परक्या घरात, परक्या बाईच्या खोलीत असं भरदुपारी पडायचं म्हणजे काय, असं त्यांच्या मनात येत होतं तोवर आजींचा आवाज पुन्हा सुरू झाला. टाचणीने मधे काहीतरी विचारलं, आजी हसल्या, आणि "नाही, तसं नाही, थांब, नीट सांगते," म्हणाल्या. बाई ऐकत होत्या, वाक्यं एकमेकांत मिसळत होती, आणि थोड्याच वेळात त्यांना गाढ झोप लागली.